पहाटे पाचला उठणाऱ्यांचा चहा कोण करतं?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

कारण घरगुतीच आहे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक यादी येऊन पडते. 'सर्जनशील आणि आनंदी माणसांच्या सकाळच्या सात सवयी.' कधी सात, कधी नऊ, कधी अकरा. मजकूर मात्र तोच. पहाटे पाचला उठा. कोमट पाण्यात लिंबू पिळा. वीस मिनिटं ध्यान करा. कृतज्ञतेची वही लिहा. नकारात्मक माणसांपासून दूर राहा. एकवीस दिवस हे करा, आयुष्य बदलेल. पाठवणारे बहुतेक काका, मामा नाहीतर भाऊजी. खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग. ग्रुपमधल्या काकू, मामी, वहिनी त्या वेळी गप्प असतात, कारण ती वेळ डबे भरण्याची असते.

सवयींशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. रोज थोडं चाललं, चार ओळी लिहिल्या, गाणं म्हटलं, हाताने काही केलं की मन हलकं होतं आणि डोकं चालतं, हे खरंच आहे. भांडण आहे ते या यादीशी. ती तीन गोष्टी खोट्या सांगते असं माझं म्हणणं आहे. वेळ प्रत्येकाच्या मालकीचा असतो, ही पहिली. मन एकट्याने दुरुस्त करायची वस्तू आहे, ही दुसरी. आणि तक्रार म्हणजे रोग, ही तिसरी. आता एकेक घेऊ.

त्याआधी त्या एकवीस दिवसांचा हिशोब चुकता करू. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांनी १९६० साली 'सायको-सायबरनेटिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं एक निरीक्षण होतं की शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला निदान एकवीस दिवस लागतात. निदान! पुढे हा 'निदान' कुठेतरी गळून पडला, चेहराही गळाला, आणि उरलं ते 'एकवीस दिवसांत कुठलीही सवय'. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. जेवणासोबत फळ खाणं, जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं अशा साध्या गोष्टी होत्या. त्या अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. म्हणजे बाविसाव्या दिवशी 'आपल्यात दमच नाही' म्हणून खट्टू होणाऱ्या माणसात काही खोट नसते. खोट असते ती आकड्यात.

असो. आता पहाटेकडे येऊ.

पहाटे उठण्याचं कौतुक आमच्या इस्लापूरकडच्या माणसाला कुणी सांगू नये. इस्लापूर म्हणजे किनवट तालुका, नांदेड जिल्ह्याचं टोक. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेचा रस्ता, जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात आमचं नाव चक्क छापलेलं आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर मंडळ, असं म्हणून ते मुंबई राज्याला जोडलं गेलं. त्यामुळे मराठी, गोरमाटी, गोंडी, तेलुगू, दखनी, सगळं एकाच बाजारात ऐकू येतं. या भागातल्या बायका पिढ्यान् पिढ्या पहाटे पाचच्या आधी उठत आल्या आहेत. कुणी पुस्तक वाचून नव्हे. सकाळच्या भाकरीचं पीठ पहाटेच दळावं लागायचं म्हणून.

आणि त्या दळण्यातून काय निघालं, ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जात्यावरची ओवी! १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका, आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर. २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने तो ठेवा लोकांसमोर आणायला सुरुवात केली. एक लाख! यातल्या बहुतेकींना स्वतःला कवयित्री म्हणवून घ्यायचं सुचलंही नसेल.

आता हे घडत कसं होतं ते बघा. जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या आहेत. एकच खुंटा, दोघींचे हात. मुठीमुठीने ज्वारी वैरायची आणि फिरवायचं. हाताचं काम एकसुरी, त्यामुळे डोकं मोकळं. जात्याच्या फेऱ्याची लय श्वासाला, आणि श्वासाची लय ओळीला. एकीने ओळ टाकली की दुसरी ती उचलणार, त्यात आपलं काही घालणार. विषय शोधायचा प्रश्नच नाही. माहेर, भाऊ, लेकरू, विठ्ठल, सासू, नवऱ्याचा स्वभाव, पाऊस. घरातले बाकीचे झोपलेले, आणि जात्याच्या घरघरीत बोललेलं पलीकडच्या खोलीत नीट ऐकू जात नाही. दिवसभरात ज्या गोष्टी तोंडातून काढायची सोय नव्हती, त्या पहाटे गाण्यात निघायच्या.

लक्षात घ्या मंडळी, त्या ओव्यांमध्ये तक्रारीला केवढी जागा आहे. प्रेम आहे, भक्ती आहे, थट्टा आहे, पण दुःख सरळ दुःख म्हणून आलेलं आहे. आमच्या यादीतला सल्ला काय? 'नकारात्मक विचार मनात येऊ देऊ नका.' त्या हिशोबाने निम्म्या ओव्या खोडाव्या लागतील. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळण-कांडण करता करता थेट देवाशी भांडली. तिला कुणी 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून हात जोडलेलं चित्र पाठवलं असतं तर आपल्याकडे तिचे अभंग किती उरले असते? तिकडे खानदेशात बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) घरातल्या आणि शेतातल्या कामात गाणी रचत राहिल्या. अक्षरओळख नव्हती. गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली म्हणून वाचली, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. या बाईंच्या रोजच्या सवयी कोणत्या? चूल, शेत, जातं. कृतज्ञतेच्या वहीचा पत्ता नाही.

तक्रारीची बाजू विज्ञानानेही उचलून धरली आहे. अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल मनातलं लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्यांचं मन उलट जडच झालं होतं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा इतरांपेक्षा कमी झाल्या. सल्ला विकणाऱ्यांना हे परवडत नाही. त्यांना आजच्या आज चेहऱ्यावर हसू हवं असतं.

इथे माझे काही मित्र लगेच म्हणतील, 'म्हणजे तुला जातं परत आणायचं आहे का?' अजिबात नाही! जात्याचं कौतुक करणाऱ्याने आधी पायली दोन पायली ज्वारी दळून दाखवावी आणि मग बोलावं. विजेची गिरणी गावात आली हा बायकांच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. कुठल्याही म्हाताऱ्या मायला विचारा. खांद्यांची आणि तळहातांची गोष्ट ती आधी सांगेल, ओव्यांची नंतर. गाणं छान होतं म्हणून कष्ट छान होते असं म्हणणं म्हणजे पोटभर जेवून उपासाचे फायदे सांगण्यासारखं आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. गिरणी आली, पहाटेचा तास-दीड तास वाचला. तो गेला कुठे?

तो त्या बाईच्या हातात पडलाच नाही. पाणी, स्वयंपाक, डबे, लेकरांची शाळा, शेत, यांनी तो गिळला. ओवीची जागा गेली आणि तिच्याऐवजी रिकामा तासही मिळाला नाही. अशी दुहेरी चोरी झाली. हे मी उगाच भावनेच्या भरात म्हणत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने माणसं दिवसाचे चोवीस तास कुठे घालवतात याचं देशभर सर्वेक्षण केलं, एकदा २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली. २०१९ मध्ये शंभरातल्या ८१ बायका बिनपगारी घरकाम करत होत्या, आणि शंभरातले २६ पुरुष. जे करत होते त्यांचा रोजचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून टाळ्या वाजवू नका. पुरुषांनी त्याच काळात नऊ मिनिटं स्वतःची वाचवून घेतली आहेत. फरक आधीही तीन तासांच्या वर होता, आताही आहे.

तर रोजचे तीन तास वीस मिनिटं. कुठल्याही यादीतल्या सगळ्या सवयी, ध्यान, वही, व्यायाम, वाचन, एवढ्या वेळात आरामात बसतात. म्हणून मी म्हणतो की ती यादी खरं तर अशा माणसासाठी लिहिलेली असते ज्याचा चहा दुसरं कुणीतरी करतं. पाचला उठून ध्यानाला बसलेल्या भाऊजींना साडेपाचला आल्याचा चहा लागतो. तो करणारी साडेचारला उठलेली असते. तिच्या उठण्याला कुणी सवय म्हणत नाही आणि त्यावर कुणी पुस्तकही लिहीत नाही.

'पण चालणं? चालायला काय पैसे पडतात?' असंही विचारलं जाईल. चालण्याबद्दल मी पूर्ण सहमत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली यावर छान प्रयोग केले. रोजच्या वापरातल्या वस्तूचे नवे नवे उपयोग सुचवायचे, एकदा बसून आणि एकदा चालताना. चालताना सुचणाऱ्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी वाढल्या. बाहेर मोकळ्या हवेतच जायला हवं असंही नाही. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालण्याच्या यंत्रावर चाललेल्यांनाही फायदा झाला. (एकच अचूक उत्तर काढायच्या कामात मात्र फायदा दिसला नाही. तेव्हा गणिताच्या पेपरला बसूनच राहा.) म्हणजे नवं काही सुचायला सहस्रकुंडाला जाऊन फोटो काढायची गरज नाही. अंगणातल्या चकरासुद्धा पुरतात.

पण हे चालणं म्हणजे आपल्या मर्जीने, आपल्या चालीने, रिकाम्या हाताने. डोक्यावर घागर आणि कडेवर लेकरू घेऊन चालणाऱ्या बाईला कुणी त्या प्रयोगात घेतलं नव्हतं. आणि आमच्यासारख्या गावात रिकाम्या हाताने चालायला परवानगी लागते. गडी माणूस संध्याकाळी स्टेशनपर्यंत उगाच जाऊन आला तर कुणी काही विचारत नाही. एखादी सून तशीच एकटी निघाली तर तीन ओट्यांवरून तीन प्रश्न येतात. 'कुठं निघालीस गं?' 'उगाच' हे उत्तर तिला देता येत नाही. म्हणून ती पिशवी घेऊन निघते, म्हणजे किराणा आणायला निघाल्यासारखं दिसावं. आता पहाटे रस्त्याने तिघी-चौघी मिळून चालायला जाताना दिसतात, त्याचं मला फार बरं वाटतं. ती पिशवी हातातून सुटणं ही कुठल्याही पाचकलमी दिनचर्येपेक्षा मोठी गोष्ट आहे.

आता दुसरा खोटेपणा, एकटेपणाचा. यादीतली प्रत्येक सवय एकट्याने करायची असते. एकटे उठा, एकटे बसा, एकटे लिहा, माणसं टाळा. आमच्याकडं मन हलकं करायचे जे जुने मार्ग आहेत त्यातला जवळजवळ एकही एकट्याचा नाही. संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ चालतो, तिथे गळा नसलेल्यालाही टाळ मिळतो. बेसूर गाणाऱ्याला कुणी उठवत नाही. होळीला तांड्यावर लेंगी गातात. डफ वाजतो, गोल धरला जातो, आणि जुन्या चालीत यंदाच्या गोष्टी घातल्या जातात. दिवाळीच्या दिवसांत गोंड समाजाची दंडारी निघते, डोक्यावर मोरपिसांचे मुकुट घातलेले घुसाडी नाचतात, एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी जातात. तिकडे आदिलाबादकडच्या मार्लवाईचे घुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते गेले. ही कला त्यांनी काही वही लिहून कमावली नव्हती. गावाच्या नाचात नाचून कमावली होती.

आणि हे फक्त गाण्या-नाचण्याचंच आहे असं नाही. आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) घ्या. केवढा मोठा विचारवंत, आणि त्यांच्या विचारांचा किती मोठा भाग भाषणांतून आपल्यापर्यंत आलेला आहे! पुस्तकंसुद्धा कितीतरी भाषणांचीच झाली. समोर माणसं असली, प्रश्न विचारणारे असले की डोकं चालतं. 'नकारात्मक माणसांपासून दूर राहा' हा सल्ला पाळला असता तर वाद घालायला त्यांना कोण उरलं असतं?

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर गोष्ट. आपण मराठवाड्यात राहतो. पाऊस दडी मारतो किंवा एका रात्रीत सगळं वाहून नेतो, कापसाला भाव मिळत नाही, सावकार दारात असतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी आपल्याला नवी नाही. अशा ठिकाणी खचलेल्या माणसाला 'विचार बदला, आयुष्य बदलेल' असं सांगणं हा अपमान आहे. त्याचा अर्थ असा होतो की दोष पावसाचा नाही, भावाचा नाही, व्याजाचा नाही, तुझ्या मनाचा आहे. आणि एकवीस दिवसांनंतरही बरं वाटलं नाही तर पुन्हा तोच गुन्हेगार. माणूस दोन-दोन आठवडे उदास असेल, झोप-जेवण उडालं असेल, जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला यादी पाठवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. डॉक्टरकडे सोबत जा. १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस' क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो. हा क्रमांक ग्रुपवर कुणी पाठवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

मग करायचं काय? भांडून झालं की मागणी सांगावी लागते, नाहीतर नुसतीच कुरकुर होते. माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत आणि त्या आपापल्या घरातच पुऱ्या करता येतात.

काका, मामा, भाऊजी, दादा, पाचला उठताच आहात तर फार उत्तम. ध्यानाआधी चूल, म्हणजे गॅस, पेटवा. चहा ठेवा आणि आधी तिला द्या. आठवड्यातून तीन दिवस भांडी घासा. कोमट पाण्यात हात घालून एकसुरी काम करताना डोकं मोकळं होतं, हे तुमच्या यादीत नसलं तरी तुमच्या आईला माहीत होतं.

घरातल्या बाईला रोज अर्धा तास असा द्या, ज्याचा हिशोब कुणी मागणार नाही. त्या वेळात तिने लिहावं, चालावं, रांगोळीचे ठिपके मोजावेत किंवा नुसतं छताकडे बघत पडावं. 'काय केलंस?' असं विचारायचं नाही. आणि जे केलं त्याचा फोटो टाकायचा नाही. ओव्या रचणाऱ्या बायकांना कुणाच्या अंगठ्याची वाट बघावी लागत नव्हती. ऐकणारी समोरच बसलेली होती.

कुणी तक्रार सांगायला लागलं की उपाय सांगू नका. समोरचा खुंटा धरा. म्हणजे नुसतं 'बरं, मग?' म्हणा. जात्यावरची दुसरी बाई एवढंच करायची.

आणि पोरांना कधीतरी कंटाळू द्या. सुट्टीत सहस्रकुंडाला न्या, गाणी म्हणा, ओळी चुकवा, चुकलेल्या ओळींत आपलं काहीतरी घाला. आपल्या घरात गाण्याला बंदी कधीच नव्हती. फक्त गाणाऱ्याला वेळ नव्हता.

मला सांगा, तुमच्या घरी पहाटे सगळ्यात आधी कोण उठतं? नाव नको. फक्त त्या माणसाचा स्वतःचा असा अर्धा तास दिवसात कुठे आहे, तेवढं शोधून बघा. सापडला तर माझं भांडण मिटलं. नाही सापडला, तर पुढची यादी पाठवायच्या आधी तो तयार करा.